पाळकसाहेब, आधी त्या पोरांची साक्ष ऐका

प्रति,
आमच्या मंडळीचे पाळकसाहेब, पंच कमिटी, आणि मुंबईतल्या आपल्या सगळ्या मराठी मंडळ्यांचे वडीलधारे,

जय ख्रिस्त.

उपदेश पुलपिटावरून सगळ्यांसमोर झाला, मोबाईलवर लाइव्ह पण गेला, त्यामुळे त्याचं उत्तर बंद पाकिटात देणं मला बरोबर वाटत नाही. उघडंच लिहितेय. मी या मंडळीत वाढले, इथेच माझं दृढीकरण झालं, संडेस्कूलमधे शिकवते, आणि बाहेरून येऊन चर्चला शिकवणाऱ्यातली मी नाही हे तुम्हा सगळ्यांना माहिती आहे.

विषय माहितीच आहे. वर्शिप टीममधे कीबोर्ड वाजवणाऱ्या आपल्या एका मुलाने घरी सांगितलं की तो गे आहे. नाव लिहिणार नाही, त्याची परवानगी नाही आणि गरजही नाही. घरच्यांनी घाबरून पाळकसाहेबांना फोन केला, आणि पुढच्या रविवारी सदोम-गमोरावर, म्हणजे बायबलमधे पापामुळे नाश झालेल्या त्या दोन शहरांवर, उपदेश झाला, अशा मुलांशी पश्चात्ताप होईपर्यंत घरच्यांनी संबंध ठेवू नये असं सांगितलं गेलं, त्याला टीममधून काढलं, आणि "सुटका" व्हावी म्हणून उपवास-प्रार्थनेला पाठवायचं ठरलं. हे सगळं होईपर्यंत त्या मुलाला कुणी एकदाही समोर बसवून विचारलं नाही की बाबा तुझं काय म्हणणं आहे.

उपदेशात एक वाक्य होतं, "आम्ही वचनाचा अर्थ लावत नाही, वचन जसं आहे तसं सांगतो." माझं सगळं भांडण त्या वाक्याशी आहे. कारण अर्थ आपण लावतो, दर रविवारी लावतो, आणि बऱ्याचदा चांगला लावतो.

सदोमचंच घ्या. उत्पत्ती १९ पूर्ण वाचा, अर्धा नको. गावातले पुरुष लोटाच्या दाराशी जमाव करून येतात आणि पाहुण्यांना बाहेर काढ म्हणतात, त्यांना बळजबरी करायची असते. हा सामूहिक बलात्काराचा प्रयत्न आहे, परक्या माणसाला चिरडायचा. आणि लोट त्या जमावाला काय म्हणतो, तर माझ्या दोन मुली घेऊन जा. या वाक्यावर उपदेश मी तरी आजवर ऐकलेला नाही. शास्ते १९ मधे जवळजवळ हीच गोष्ट परत येते, गिबा गावात, तिथे एका बाईवर रात्रभर अत्याचार होतात आणि सकाळी ती उंबऱ्यावर पडलेली सापडते. तो अध्याय वाचून कुणी पाळक असं म्हणत नाही की बघा, स्त्री-पुरुषांचे संबंध देवाला मान्य नाहीत. तिथे आपल्याला बरोबर कळतं की पाप जबरदस्तीचं आहे. मग सदोममधे का कळत नाही? आणि सदोमचं पाप काय होतं हे यहेज्केल १६:४९ मधे सरळ दिलंय, गर्व, भरलेलं पोट, निवांतपणा, आणि गोरगरिबाला हात न देणं. मत्तय १० मधे येशू सदोमचं नाव घेतो ते कुठे, तर ज्या गावाने शिष्यांना घरात घेतलं नाही त्या गावाबद्दल बोलताना. दार न उघडणाऱ्यांबद्दल. त्या रविवारी दार कोण बंद करत होतं याचा विचार पंचांनी शांतपणे करावा.

आता लेवीय, जुन्या करारातलं नियमांचं पुस्तक. १८:२२ आणि २०:१३, पुरुषाने पुरुषाशी संग करू नये म्हणणारी ही दोन वचनं सगळ्यांना पाठ असतात. २०:१३ मधे शिक्षा मरणाची आहे, ती द्या असं तुमच्यापैकी कुणीही म्हणणार नाही, म्हणजे तिथेच अर्थ लावायला सुरुवात झाली. अकराव्या अध्यायात पर आणि खवले नसलेलं पाण्यातलं काहीही खाऊ नका असं लिहिलंय, म्हणजे कोळंबी, खेकडे, कालवं, सगळं गेलं, आणि आपण समुद्राच्या काठावर राहणारी माणसं. डुकराचं मटण पण त्याच अध्यायात मना आहे. १९:१९ मधे दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड नको. पंचविसाव्यात गरीब भावाकडून व्याज नको, आणि आपली कितीतरी माणसं पतपेढीत आहेत. यावर मला नेहमी सांगितलं जातं की ते खाण्यापिण्याचे विधी होते, हा नीतीचा नियम आहे. ठीक, मग १८:२२ च्या फक्त तीन वचनं आधी, १८:१९, पाळीच्या दिवसांत बायकोजवळ जाऊ नये असं आहे. त्याच अध्यायात, त्याच यादीत. यासाठी कुठल्या जोडप्याला मंडळीतून काढलंय? एकही नाही, आणि काढूही नये. मला एवढंच म्हणायचंय की कुठलं वचन आजही बांधतं आणि कुठलं त्या काळाचं, हे ठरवण्याचं काम तुम्ही रोज करता, मग ते काम करत नाही असं सांगून एका मुलाला उठवू नका.

तुमचा खरा जड मुद्दा लेवीय नाहीच, तो मत्तय १९ आहे, देवाने नर आणि नारी अशी निर्माण केली, दोघं एकदेह होतील. मी हा मुद्दा हलका मानत नाही. पण येशूला प्रश्न कशाचा विचारला होता? घटस्फोटाचा. बायकोला वाटेल त्या कारणासाठी सोडता येतं का. आणि त्याचं उत्तर कडक आहे, व्यभिचाराखेरीज सोडून दुसरी केली तर तो व्यभिचार. हे स्वतः प्रभूचे शब्द. समलैंगिकतेवर त्याचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही, घटस्फोटावर आहे. तरी आपण काय केलं? आपल्याकडच्या जुन्या कायद्यात ख्रिस्ती बाईला नुसत्या छळावरून घटस्फोट मिळत नव्हता, नवऱ्याचा व्यभिचार पण सिद्ध करावा लागायचा, मारून टाकायची वेळ आली तरी. १९९७ ला आपल्याच मुंबई हायकोर्टाने तिला त्यातून मोकळं केलं आणि २००१ ला १८६९ चा कायदाच बदलला. आज आपल्या मंडळीत दुसऱ्या लग्नाची जोडपी आहेत, प्रभुभोजन घेतात, पोरं संडेस्कूलला येतात, मी शिकवते त्यांना, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. आपण त्या बायांची हकिकत ऐकली, त्यांच्या अंगावरचे वळ बघितले, आणि मग येशूचं वाचन पुन्हा केलं, की तो हे बायकांना वाऱ्यावर सोडणाऱ्या पुरुषांना म्हणत होता. आपण वचन फेकलं नाही, माणसाला बघून वचनाच्या आत गेलो. आणि त्याच मत्तय १९ मधे, बाराव्या वचनात, येशू म्हणतो की काही जण आईच्या उदरापासूनच षंढ असतात, काहींना माणसं तसं करतात, काही स्वर्गाच्या राज्यासाठी तसे होतात, ज्याला पेलेल त्याने पेलावं. म्हणजे लग्नाच्या चौकटीत न बसणारी माणसं त्याला माहिती होती आणि त्याने त्यांना एक शब्दही लावला नाही.

पौलाच्या पत्रातला रोमकरांस १, जिथे तो समलैंगिक संबंधांना दोष देतो, तो मी टाळत नाहीये. तिथे मूर्तिपूजा आणि बेफाम वासनेत बुडालेल्या लोकांचं वर्णन आहे, आणि ते वाचून ऐकणारा "बरोबर, असंच पाहिजे त्यांना" म्हणायला लागतो तोवर दुसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन येतं की दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुला सबब नाही. पहिला अध्याय वाचून पुस्तक मिटलं तर पौलाने जे ज्याच्यासाठी लिहिलं ते त्याला पोचलंच नाही. त्याच पौलाने बायकांनी मंडळीत गप्प बसावं असंही लिहिलंय आणि दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं असंही. अमेरिकेत सदर्न बॅप्टिस्ट लोक १८४५ ला गुलामगिरीच्या प्रश्नावरून वेगळे झाले, शास्त्राचा आधार दाखवत, आणि १९९५ ला त्यांनी त्याची जाहीर माफी मागितली. दीडशे वर्षं लागली. आणि बायकांचं म्हणाल तर सीएसआयमधे, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियात, २०१३ ला पुष्पा ललिता बिशप झाल्या, आणि आपल्याकडे मी, एक बाई, दर रविवारी उभी राहून वचन शिकवते आणि पाळकसाहेब स्वतः त्यासाठी माझी पाठ थोपटतात.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तिथे येते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ ते १५. मला वाटतं की आपल्या भांडणाचं उत्तर तिथे आहे आणि आपण ते भाग फक्त पेंटेकॉस्टच्या आसपास भराभर वाचतो. आठव्यात फिलिप्पाला रस्त्यात तो कूशी, म्हणजे इथिओपियाचा, षंढ भेटतो. अनुवाद २३:१ प्रमाणे असल्या माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता, सरळ बंदी. पण त्याच्या हातात यशयाची गुंडाळी आहे, आणि त्याच यशयात, ५६ व्या अध्यायात, देव षंढांना म्हणतो की मी तुम्हाला माझ्या घरात मुलामुलींहून चांगलं नाव देईन. दोन वचनं, एकमेकांच्या समोर उभी. फिलिप्पाकडे नियमाचं पुस्तक होतं, पाहिजे तर तिथेच थांबवता आलं असतं. तो माणूस विचारतो, हे पाणी आहे, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? आणि फिलिप्प रथातून उतरून त्याच्याबरोबर पाण्यात जातो.

दहाव्यात पेत्र. त्याला दृष्टान्तात चादर दिसते, अशुद्ध प्राण्यांनी भरलेली, मारून खा म्हणून सांगणं येतं आणि तो म्हणतो नाही प्रभू, मी असलं कधी खाल्लं नाही. पेत्र शास्त्राला धरूनच बोलतोय! लेवीय ११ त्याच्या बाजूने आहे. पण तो यहूदी नसलेल्या कर्नेल्याच्या घरी जातो, त्या माणसांचं ऐकतो, त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, आणि यरुशलेमात त्याला जाब विचारतात तेव्हा तो म्हणतो की देवाला अडवणारा मी कोण. मग पंधराव्यात, यहूदी नसलेल्यांनी मोशेचा नियम पाळायलाच हवा का यावर, सभा भरते, आजच्या भाषेत पंच कमिटीची मिटिंगच, खूप वादावादी होते, आणि क्रम बघा, आधी पेत्र सांगतो काय घडलं, मग सगळी सभा गप्प बसून बर्णबा आणि पौलाचं ऐकते, आणि त्यानंतर याकोब शास्त्र उघडतो. साक्ष आधी, वचनाचा अर्थ तिच्या उजेडात, निकाल शेवटी. आपण काय केलं? निकाल आधी, वचन त्याला चिकटवलं, आणि साक्ष घेतलीच नाही.

साक्ष हा आपल्या मराठी मंडळ्यांचा प्राण आहे हो. दारू सुटली त्याची साक्ष, नोकरी लागली त्याची साक्ष, ऑपरेशन झालं त्याची साक्ष, माइक हातात देतो आपण कुणाच्याही. या मुलाला माइक का नाही? त्याने मला जे सांगितलं त्यातलं एक त्याला विचारून लिहितेय, की तो बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून रोज रात्री प्रार्थना करायचा की देवा मला बदल, आणि बदल झाला नाही पण देव पण सोडून गेला नाही, आणि कीबोर्डवर बसलं की त्याला ते जाणवतं. आता मला सांगा, ही साक्ष नाही तर काय आहे.

आणि आपण कोणाचे वंशज आहोत ते तरी आठवा. ना. वा. टिळकांचा १८९५ ला याच मुंबईत बाप्तिस्मा झाला तेव्हा नातेवाइकांनी काय केलं, लक्ष्मीबाईंची किती वर्षं ताटातूट झाली, हे आपण पोरांना अभिमानाने सांगतो. बाबा पदमनजी, त्या पिढीतली कितीतरी माणसं, घरच्यांनी मेली म्हणून समजलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं ते ज्या विधवांसाठी, त्यांनाही घर नव्हतं आणि त्यांना घराबाहेर ठेवायला शास्त्राचेच आधार दिले जायचे. आणि त्याच रमाबाई, इंग्लंडमधे बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या वरिष्ठांनी सांगितलं ते गपगुमान मानून बसल्या नाहीत, वचन मी स्वतः वाचणार आणि माझ्या विवेकाला पटेल ते मानणार म्हणून त्यांच्याशी पत्रांतून भांडल्या, पुढे हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणलं. वाळीत टाकलेल्या माणसांनी उभारलेली ही मंडळी आहे. तिने आईबापांना सांगावं की मुलाशी संबंध तोडा? मला हे ऐकून त्या दिवशी बाकावर बसवेना.

कोर्टाचं पण बोलते, कारण बाहेरचं जग आपल्याला त्यावरून ओळखतं. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम १८६० च्या इंग्रजी कायद्यातलं होतं. दिल्ली हायकोर्टाने २००९ ला ते सैल केलं तेव्हा सुप्रीम कोर्टात त्याविरुद्ध गेलेल्यांत ख्रिस्ती संघटना होत्या, आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ते शेवटी सैल केलं त्या खटल्यात पण विरोधात उभ्या होत्या. मला त्याची फार लाज वाटते. पण २०१३ ला सुप्रीम कोर्टाने कलम परत आणलं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस जाहीर बोलले की कॅथॉलिक चर्चने समलैंगिकांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. त्यांच्या चर्चची शिकवण समलैंगिक संबंधांना मान्यता देत नाही, तरी त्याच धर्मशिक्षणाच्या ग्रंथात लिहिलंय की या माणसांना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारा, अन्यायाचा भेदभाव करू नका. म्हणजे तुमचं मत माझ्याहून वेगळं असलं तरी मुलाला उठवायची गरज नसते. माझं मत मी लपवत नाही, दोन माणसं एकमेकांशी आयुष्यभर इमानाने राहत असतील तर त्यात मला देवाचा अपमान दिसत नाही. ब्रिटनच्या मेथॉडिस्ट चर्चने २०२१ ला तसं ठरवलं. पण तुम्ही उद्या तिथवर या असं हे पत्र म्हणत नाही.

पत्र म्हणतंय ते दोन गोष्टी आत्ता थांबवा.

एक, ती "सुटकेची" प्रार्थना. त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण दुष्टात्मा आहे म्हणून डोक्यावर हात ठेवून ओरडणं, उपाशी ठेवणं, मोबाईल काढून घेणं, हे नको. अमेरिकेत एक्सोडस इंटरनॅशनल नावाची मोठी ख्रिस्ती संस्था जवळजवळ चाळीस वर्षं हेच करत होती, लोक बदलतात म्हणून सांगत होती, २०१३ ला तिच्या अध्यक्षाने माफी मागितली आणि संस्था बंद केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० लाच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे मद्रास हायकोर्टाने २०२१ ला असल्या "बदलण्याच्या" उपचारांवर बंदी घालायला सांगितलं, आणि २०२२ पासून डॉक्टरने ते करणं हा नॅशनल मेडिकल कमिशनप्रमाणे गैरव्यवहार आहे. डॉक्टरला जे करायला मनाई आहे ते आपण येशूच्या नावाने करायचं का? घरच्यांना बोलायला माणूस हवं असेल तर देवनारच्या टिसची (टाटा समाजविज्ञान संस्थेची) आयकॉल हेल्पलाइन आहे, सांताक्रूझला हमसफर ट्रस्ट अशाच माणसांसाठी १९९४ पासून काम करतंय. पाळकसाहेब, तुम्ही स्वतः त्याच्या आईबापांना घेऊन जा, तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एका पंचांनी, मी त्यांना मान देते, घरच्यांना सुचवलं की मंडळीतली एखादी चांगली मुलगी बघून लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल. त्या मुलीचं काय हो? तिला कोण सांगणार? तीन रविवार नावं वाचली जाणार, पाळकसाहेब विचारणार कुणाची काही हरकत आहे का, आणि ज्यांना माहिती आहे ते सगळे गप्प बसणार. ती वेदीसमोर शपथ घेणार आणि मग आयुष्यभर स्वतःमधे खोट शोधत बसणार, मी काळी आहे का, जाड आहे का, माझंच काही चुकतंय का. महिला मंडळात अशा बायका येतात, प्रार्थना विनंती म्हणून फक्त "घरच्यासाठी" म्हणतात आणि रडतात. आम्ही बायका समजतो. एका मुलाला "सुधारायला" दुसऱ्याच्या मुलीचा बळी देऊ नका, आणि ज्या लग्नाच्या पावित्र्यासाठी तुम्ही एवढं बोलता त्या लग्नात जाणूनबुजून खोटेपणा घालू नका. वेदीसमोर खोटी शपथ घ्यायला लावणं हे पाप आहे यात तर आपलं कुणाचंच दुमत नसेल ना?

आता मागणी. पंच कमिटीच्या येत्या मिटिंगला हा विषय अजेंड्यावर लिहून घ्या, तोंडी नको. त्या मुलाला आणि त्याची तयारी असेल तर त्याच्या आईला बोलवा, त्याला वाटलं तर मी सोबत बसेन, आणि त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मधे वचन उघडू नका. तोवर त्याला प्रभुभोजनापासून अडवू नका आणि कीबोर्डवरची जागा परत द्या. घरच्यांना संबंध तोडा म्हणून जे सांगितलंय ते पुलपिटावरूनच मागे घ्या, कारण सांगितलं पुलपिटावरून होतं. आणि उरलेल्या मंडळ्यांच्या वडीलधाऱ्यांना, तुमच्याकडे असं मूल नाही असं समजू नका, संडेस्कूलमधे शिकवणाऱ्यांना विचारा.

पत्राची एक प्रत बिशपसाहेबांच्या ऑफिसला देतेय. मिटिंगची तारीख ठरली की कळवा, संध्याकाळची ठेवलीत तर त्याला कामावरून सुटून लोकलने यायला जमेल, साडेसातच्या आत शक्य नाही त्याला.

प्रभूमधे तुमची बहीण,
संडेस्कूल टीचर